चिंगी, फ्रीज आणि उन्हाळा : एका हुशार कुत्रीचं प्रकरण

हे प्रकरण दक्षिण-पश्चिम नागपुरातल्या एका कुटुंबाचं आहे आणि त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. कुत्रीचं नाव बदललं आहे, इथे तिला चिंगी म्हणू. घराची ओळख पटेल असे बारकावेही बदलले आहेत. मी शहरात पाळीव कुत्र्यांच्या वर्तनाचं काम करते. ‘आमचं कुत्रं हुशार आहे, म्हणूनच डोक्याला ताप आहे’ असं म्हणत येणारी घरं बरीच असतात. त्यांतलं हेच निवडलं, कारण इथे घरच्यांना एकामागून एक निर्णय घ्यावे लागले आणि प्रत्येक निर्णयाचा परिणाम पुढे लख्ख दिसला.

पार्श्वभूमी

चिंगी गावठी. ऐन पावसाळ्यात एका बांधकामाच्या रेतीच्या ढिगाऱ्याजवळ सापडलेलं पिल्लू. घरातल्या मुलीने तिला ओढणीत गुंडाळून आणलं आणि ‘दोन दिवस ठेवू, मग बघू’ म्हणता म्हणता ती घरचीच झाली. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा दीड वर्षाची, सोळा किलोंच्या आसपास. नसबंदी झालेली, रेबीजसकट सगळ्या लसी वेळच्या वेळी. म्हणजे काळजी घेणारं घर, हे आधीच सांगते.

तळमजल्याचं घर, पुढे अंगण, अंगणाला लोखंडी फाटक, वरच्या मजल्यावर भाडेकरू. माणसं चार. आजी, नोकरीसाठी रोज मिहान या उद्योगक्षेत्रात जाणारे बाबा, शाळेत शिकवणारी आई, आणि अकरावीतली मुलगी, कॉलेज आणि क्लास यांत अडकलेली. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच घरात फक्त आजी आणि चिंगी. आजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांनी तिला बाहेर नेण्याचा प्रश्नच नव्हता.

चिंगीचा दिवस कसा जायचा ते मी बारकाईने विचारलं. सकाळी बाबा घाईत गल्लीतून एक चक्कर मारून आणत. दोन वेळा जेवण, म्हणजे दूध-पोळी किंवा चिकनच्या पाण्यात कालवलेला भात. वाटी दोन मिनिटांत साफ. संध्याकाळी अंगणात मुलीबरोबर थोडा चेंडू. बाकी सगळा वेळ मोकळा. मार्चपासून ऊन तापायला लागलं तशी सकाळची चक्करही आखडली आणि संध्याकाळची बंदच झाली.

गावठी कुत्र्याचा हा प्रश्न समजून घ्यायला हवा. माणसांच्या वस्तीत, माणसांनी टाकलेल्यावर, माणसांच्या हालचाली वाचत ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान-संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी भटक्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करत आहेत. रस्त्यावरची, कधीही न शिकवलेली प्रौढ कुत्रीसुद्धा अनोळखी माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे जातात, असं त्यांच्या प्रयोगात दिसलं. ज्या डोक्याला दिवसभर अन्न शोधायची, वाट काढायची, माणूस ओळखायची सवय, त्याला आयती वाटी देऊन चार भिंतींत बसवलं तर ते डोकं रिकामं बसत नाही. चिंगीचंही बसलं नाही.

चिंगीचे उद्योग

सुरुवात चपलांपासून झाली, ते कुणी मनावर घेतलं नाही. पुढे कचऱ्याच्या बादलीचं पाय दाबून उघडणारं झाकण तिला जमलं. मग फ्रीज. दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या रबरात नाक घालून ती दार उचकटायची. आईने हात पुसायचा नॅपकिन फ्रीजच्या मुठीला लटकवायला सुरुवात केली, तेव्हा तिचं काम आणखी सोपं झालं. नॅपकिन दातांत धरून ओढला की दार उघडं.

मग फाटक. फाटकाची आडवी कडी ती नाकाने वर उचलायची, दार स्वतःच्या वजनाने मागे यायचं आणि बाई रस्त्यावर. एकदा चौकापर्यंत गेली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीवर कुरड्या आणि मूगवड्यांचं वाळवण घातलं होतं, तिथेही एका सकाळी पोहोचली. चादरभर कुरड्या गेल्या आणि दोन घरांमधलं बोलणं काही दिवस बंद झालं. वाळवणामागे किती पहाटेची मेहनत असते हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल. काकूंचा राग अगदी रास्त होता.

सगळ्यांत धोक्याचा उद्योग कूलरचा. खिडकीतल्या लोखंडी कूलरच्या बाजूची ताटी ती काढायला शिकली, आतलं गवत उपसायची आणि टाकीतल्या पाण्यात पंजे घालून बसायची. उन्हाळ्यात थंड जागा शोधणं यात तिचं काहीच चुकत नव्हतं. पण पंप सुरू असताना टाकीत पंजे म्हणजे जिवाशी खेळ. लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भातल्या वर्तमानपत्रांत येतात, कुत्र्याची काय कथा.

‘हिला सगळं समजते, मुद्दाम करते’ असं घरात सगळ्यांचं मत झालं होतं. इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लॉइड मॉर्गन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाकडे टोनी नावाचा फॉक्स टेरियर होता. तो बागेच्या फाटकाची खिटी डोक्याने उचलून बाहेर पडायचा. बघणाऱ्याला वाटे, कुत्र्याला खिटीचं तंत्र कळलंय. मॉर्गनने सुरुवातीपासून बघितलं होतं. टोनी कठड्याच्या गजांमधून डोकं घालून रस्त्याकडे बघत राही, त्यात एकदा योगायोगाने खिटी उचलली गेली, आणि मग हळूहळू नको त्या हालचाली गळून नेमकी तेवढीच उरली. 1890 च्या दशकात त्याने हे लिहिलं. 1898 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांना आणि कुत्र्यांना कडीच्या पेट्यांत ठेवून हेच मोजलं : ज्या कृतीनंतर फायदा होतो ती पुन्हा होते, दर वेळी थोडी लवकर.

चिंगीच्या घरी मी हे सविस्तर सांगितलं, कारण ‘मुद्दाम करते’ आणि ‘फायदा होतो म्हणून करते’ यांतून निघणारे उपाय वेगळे असतात. पहिल्यातून शिक्षा निघते. दुसऱ्यातून प्रश्न निघतो की तिला नेमका फायदा कशाकशातून होतोय.

संध्याकाळची शिक्षा

शिक्षा चालू होतीच. बाबा संध्याकाळी घरी आले की फाडलेली वस्तू चिंगीसमोर धरून रागावत, कधी वर्तमानपत्राची गुंडाळी आपटत. ती कान पाडून, मान खाली घालून कोपऱ्यात जाई.

“कळते ना तिले सारं,” बाबा मला म्हणाले, “म्हणून तर मान खाली घालून बसते.”

कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याची खरी-खोटी माहिती मालकाला दिली गेली. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. ज्या कुत्र्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो जास्तच दिसला. चिंगीची खाली गेलेली मान बाबांच्या त्या क्षणीच्या आवाजाला दिलेलं उत्तर होतं. दुपारी दोन वाजता फाडलेल्या पायपुसण्याशी तिचा संबंध तिच्या डोक्यात उरलेला नव्हता.

या शिक्षेचा एक परिणाम मात्र झाला. पळवलेली वस्तू ती दिवाणाखाली नेऊन, माणूस जवळ येण्याआधी घाईने गिळायला लागली. मुलीचा एक मोजा असाच पोटात गेला. नशिबाने उलटीतून बाहेर आला, नाहीतर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते.

मनुकांची दुपार

माझ्याकडे हे घर आलं ते एका दुपारमुळे. एप्रिलचा शेवट. आजी रात्री काळ्या मनुका भिजत घालून सकाळी खायच्या. त्या दिवशी सकाळी मंदिरात जायची घाई होती, वाटी ओट्यावर ताटलीखाली तशीच राहिली. शेजारी मनुकांचा उघडा पुडा. जेवून आजी आडव्या झाल्या, कूलरचा आवाज, बाहेर रणरणतं ऊन. मुलगी क्लासहून आली तेव्हा ताटली जमिनीवर, वाटी चाटलेली, पुडा फाटलेला आणि चिंगी शांत झोपलेली.

पुढचा अर्धा तास म्हणजे या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय. आजींना वाटलं काही होत नाही. “मूठभर मनुकांनं काय होते? आमच्या गावाकडं कुत्रे काय काय खात होते.” वरच्या काकू, अबोला विसरून, खाली आल्या आणि म्हणाल्या, “मिठाचं पाणी पाजा, लगेच ओकून टाकते.” आईचा फोन लागेना, शाळेत परीक्षा. मुलीने फोनवर शोधलं, मिठाचं पाणी पाजू दिलं नाही, आणि थेट पशुवैद्यकांना फोन करून चिंगीला ऑटोत घालून नेलं.

तिचं प्रत्येक पाऊल बरोबर होतं. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होतात याचा भरवसा नाही, एखाद्याला बऱ्याच पचतात आणि दुसरा थोड्यात जातो, म्हणून सुरक्षित मात्रा अशी धरताच येत नाही. अलीकडे द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाकडे संशयाने बघितलं जातं. कुत्रं सुरुवातीला ठीक दिसतं, हीच फसगत. मूत्रपिंडं बिघडल्याची चिन्हं एक ते तीन दिवसांत दिसतात, आणि उलटी करवून विष बाहेर काढायची संधी पहिल्या काही तासांचीच असते. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. ज्याच्यासाठी दवाखान्यात न्यायचं त्याहून मोठं संकट घरीच उभं राहतं.

डॉक्टरांनी उलटीचं औषध दिलं, बऱ्याच मनुका बाहेर आल्या. पुढे दोन दिवस सलाइन, आणि मूत्रपिंडं ठीक आहेत का हे दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची तपासणी पुन्हा पुन्हा. आकडे वाढले नाहीत. चिंगी वाचली.

समोरचे पर्याय

चिंगी घरी आली त्या रात्री घरात बैठक बसली. मला हे सगळं नंतर सांगितलं गेलं, पण चौघांनी वेगवेगळं सांगूनही तपशील जुळले.

बाबांचं म्हणणं, काटोलजवळ मावसभावाचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथे मोकळी राहील. ऐकायला हे दयाळू वाटतं. पण घरात वाढलेली कुत्री अचानक शेतावर सोडली की तिथल्या कुत्र्यांची मारामारी, साप, फवारणीची औषधं, रस्ता हे सगळं तिच्या वाट्याला येतं. फाटक उघडता येणारी कुत्री तिथे थांबलीही नसती. मावसभावाला राखणीला कुत्रं हवं होतं, चिंगी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मांडीवर बसते.

दुसरा पर्याय साखळीचा. आजी दिवसभर एकट्या, म्हणून दिवसभर बांधून ठेवायचं. बऱ्याच घरांत हेच होतं. बांधलेल्या कुत्र्याचं डोकं तरीही चालूच असतं. ते भुंकतं, गोल गोल फिरतं, शेपटी चावतं, जवळ येणाऱ्यावर धावून जातं. कायद्याच्या दृष्टीनेही, 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात कुत्र्याला सतत साखळीत डांबून ठेवणं बसत नाही.

तिसरा, कुणीतरी सुचवलेला विजेचा पट्टा आणि ओट्यावर तिखट पूड. चौथा, महिनाभर एखाद्या प्रशिक्षकाकडे ठेवून यायचं. यातला शेवटचा आईला पटत होता, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. पण चिंगी तिथे शिकून आली तरी फ्रीज, ओटा, फाटक आणि आजींची झोप घरातच राहणार होती. जिथे खोडी घडते तिथेच तिचं उत्तर शोधावं लागतं.

मुलगी म्हणाली, सहा महिने मला द्या. बाबा तीन महिन्यांवर आले. या तडजोडीतून मला फोन आला.

वहीने काय दाखवलं

मी लगेच काही शिकवायला घेतलं नाही. आधी एक वही ठेवायला सांगितली : केव्हा, कुठे, घरात कोण होतं, चिंगीला काय मिळालं, नंतर माणसांनी काय केलं. वही आजींनी लिहिली, आणि उत्तम लिहिली.

दोन गोष्टी लगेच दिसल्या. जवळजवळ सगळे उद्योग दुपारी एक ते चारमध्ये, म्हणजे आजींच्या वामकुक्षीत किंवा पोथी वाचताना. माणसाचे डोळे मिटले असतील, पाठ फिरली असेल किंवा माणूस बाहेर गेला असेल तर कुत्री मना केलेला खाऊ जास्त उचलतात, हे जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं होतं. ‘माझ्यासमोर कधी करत नाही’ हे आजींचं वाक्य म्हणजे शिस्तीचा पुरावा नव्हता.

दुसरी गोष्ट, चिंगीला दर वेळी काहीतरी मिळत होतं. कधी सायीचं पातेलं, कधी नुसती थंड फरशी, आणि काहीच नसेल तेव्हा ‘अगं सोड, सोड’ म्हणत मागे धावणारी माणसं. दिवसभर कुणी न खेळणाऱ्या कुत्रीला हा पाठलाग म्हणजे मेजवानीच.

काय केलं

पहिले दोन दिवस फक्त बंदोबस्त. फ्रीजला लहान मुलांसाठी मिळतं तसं चिकटपट्टीचं कुलूप, मुठीवरचा नॅपकिन कायमचा हटवला. फाटकाला वरच्या बाजूला दुसरी कडी, स्प्रिंगच्या हुकासह. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढी जाळी. मनुका, चॉकलेट, कांदा-लसणाची टोपली, आजींच्या गोळ्या आणि बाबांचं साखरविरहित च्युइंगगम वरच्या फडताळात. त्या च्युइंगगममधलं झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन पाडतं, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कूलर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतला, अर्थिंग नीट करून घेतलं आणि ताट्यांबाहेरून लोखंडी जाळी बसवली.

बंदोबस्त म्हणजे उपाय नव्हे, हे घरच्यांना वारंवार सांगावं लागलं. दार बंद केलं की चिंगी दुसरं दार शोधणार. तिला काम द्यायचं होतं.

म्हणून वाटी बंद केली. तिचं जेवण तेवढंच, पण ते शोधून, सोडवून मिळवायचं. सकाळचा कोरडा भाग जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत. पोळीचे तुकडे खोक्यात चुरगाळलेल्या कागदांखाली. भात-चिकन पसरट साच्यात गोठवून दुपारी एक वाजता, म्हणजे आजी आडव्या होण्याच्या नेमक्या आधी. गोठलेला भात चाटायला तिला बराच वेळ लागे, गार वाटे, आणि चाटून दमलेली कुत्री झोपते. आजींना वाकावं लागू नये म्हणून साचे आई सकाळीच भरून ठेवायची. हे सगळं घरातल्या टाकाऊ वस्तूंतून झालं, महागडं खेळणं एकही घेतलं नाही.

संध्याकाळी मुलगी ‘शोध’ हा खेळ घ्यायची. आधी चिंगीसमोर, मग नजरेआड, पनीरचे तुकडे अंगणात लपवायचे. चिंगीचं नाक या कामात असं रमलं की बाबांनी फोन खाली ठेवून बघायला सुरुवात केली.

फिरण्याची वेळ बदलली. पहाटे साडेपाच, आणि रात्री नऊनंतर. हाताची मागची बाजू डांबरावर सात-आठ सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही भाजतात, हा नियम सगळ्यांना पाठ झाला. चक्कर लांब करण्यापेक्षा तिला थांबून हुंगू द्यायला सांगितलं. बाबांना हे जड गेलं, त्यांना चालायची घाई. शेवटी पहाटेची फेरी आईने घेतली.

तीन शब्द शिकवले : ‘सोड’, ‘जागेवर’, ‘थांब’. ‘सोड’वर आम्ही सर्वाधिक वेळ दिला. तोंडातली वस्तू सोडली की त्याहून चांगलं काहीतरी मिळतं आणि शक्य असेल तेव्हा तीच वस्तू परतही मिळते. उद्देश हा की दिवाणाखाली नेऊन गिळायची सवय मोडावी. मागे धावणं घरात पूर्ण बंद. बाबांची संध्याकाळची चौकशीही बंद. त्यांनी विचारलं, “मग काही बोलायचंच नाही?” मी म्हटलं, झालेलं उचलून ठेवा, आणि वाट कशी मिळाली ते वहीत लिहा.

बिघडलेला आठवडा

फ्रीजला कुलूप लागल्यावर सुरुवातीला चिंगीने दारावर ओरखडे काढले, रबर चावलं, समोर बसून भुंकली. आधी कधी केलं नव्हतं तेवढं केलं. घरच्यांना वाटलं, सगळं उलट फिरलं. इथे दुसरा मोठा निर्णय होता.

जे काम आजवर फळ देत होतं ते अचानक फळ देईनासं झालं की प्राणी सोडून देण्याआधी जास्त जोर लावतो. वर्तनाच्या अभ्यासकांना हा टप्पा नीट माहीत आहे. याच वेळी कुणी कंटाळून फ्रीज उघडला आणि एक तुकडा दिला, तर कुत्री शिकते की एवढा जोर लावला की मिळतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या प्रयोगांनी हेही दाखवलं की कधीतरीच, अंदाज लागणार नाही असं मिळणारं बक्षीस सवय सगळ्यांत चिवट करतं.

तुकडा दिलाच कुणीतरी. आजींनी. चिंगी रडल्यासारखा आवाज काढत होती, त्यांना राहवलं नाही. वहीत त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणूनच आम्हाला कळलं. दुसऱ्या दिवशी भुंकणं वाढलं होतं. घरात कुणी आजींवर चिडलं नाही, याचं श्रेय आईला. आईने एवढंच केलं की आजींसाठी एक डबा ठेवला. चिंगी फ्रीजपासून उठून आपल्या सतरंजीवर गेली की त्या डब्यातला भाजलेला शेंगदाणा द्यायचा. आजींचं देणं थांबवायची गरजच नव्हती, ते योग्य क्षणी नेणं पुरेसं होतं. त्यानंतर फ्रीजसमोरचं ठाण हळूहळू ओसरलं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत शहाणा निर्णय हाच. प्रेमाने दिलेला तुकडा बंद करायला सांगितला की वयस्क माणसं तो लपून देतात, आणि मग वहीसुद्धा खोटी होते.

निष्पत्ती

जूनमध्ये पाऊस पडला, कूलर बंद झाला, फिरणं मोकळं झालं, त्याची मदत झालीच. सगळं श्रेय शिकवणीला देणं बरोबर नाही. पण जूनच्या आधीच दुपारच्या नोंदी विरळ झाल्या होत्या. गिळण्याचा प्रकार पुन्हा घडला नाही. वरच्या काकूंना आईने कुरड्या करायला हात लावला आणि गच्चीच्या जिन्याला दार बसवून दिलं, तिथेही बोलणं पूर्ववत झालं.

खरी परीक्षा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला झाली. लाकडी बैल घेऊन सजलेली पोट्टी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला घराघरांत जातात. फाटक सारखं उघडतं, हातांत खाऊ, आरडाओरडा. मुलीने चिंगीला ओसरीवर ‘जागेवर’ बसवलं, पट्टा हातात. ती दोनदा उठली, दोनदा परत बसली. तिसऱ्यांदा एका पोराच्या हातातल्या लाडवावर तिने तोंड टाकलंच. मुलगी ‘सोड’ म्हणाली आणि चिंगीने लाडू सोडला. पोराला दुसरा लाडू मिळाला. बाबांनी त्या संध्याकाळी काटोलचा विषय काढला नाही, पुढेही काढला नाही.

काय राहिलं तेही सांगते. बादलीचं झाकण ती आजही उघडते. बादली बाल्कनीत हलवली, तेवढ्यावर भागवलं. पाहुणे आले की चपला उचलते. आणि घरात कुणी आजारी पडलं, साचे भरले गेले नाहीत, की दोन दिवसांत जुने उद्योग डोकं वर काढतात. हे काम संपत नाही, ते घराच्या रोजच्या रांगेत बसवावं लागतं.

पुन्हा असं घर आलं तर

या घराने मदत मागितली ती मनुकांनंतर. चपला, बादली, फ्रीज हा क्रम सुरू झाला तेव्हाच दिनक्रम बदलला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की त्याचं निम्मं जेवण तरी शोधून खायला द्यावं. त्याला ना खर्च, ना प्रशिक्षक लागतो.

विषारी पदार्थांची यादी फ्रीजच्या दारावर हवी आणि ती घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या मराठी अक्षरांत. इथे माहिती मुलीच्या फोनमध्ये होती, आणि दुपारी घरात आजी होत्या. त्या यादीखाली जवळच्या पशुवैद्यकांचा नंबर, रात्री उघडं असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, आणि सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या वेळा. ‘मिठाचं पाणी पाजू नये’ हे ठळक.

विजेचं काम उन्हाळ्याच्या तोंडावर, कूलर खिडकीत चढवतानाच करून घ्यावं. या घरात ते कुत्रीने ताटी काढल्यावर झालं.

एक प्रश्न माझ्यासाठी उघडा आहे. आजींना मी वही दिली, साचे दिले, शेंगदाण्यांचा डबा दिला. सत्तरी ओलांडलेल्या बाईवर दिवसभराची कुत्री टाकणं कितपत योग्य, हे कुणी त्यांना सुरुवातीला विचारलं नव्हतं. पुढच्या घरी मी हा प्रश्न पहिल्या भेटीतच, बाकी सगळे समोर असताना, त्या माणसालाच विचारणार आहे. आजींना मी उशिरा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी मले तिची भीती वाटे, काय खाईन अन्‌ काय नाही. आता दुपारी साचा देते, मग आम्ही दोघी झोपतो.” त्यांनी दुपारच्या पाळीसाठी एकच अट घातली आहे : येत्या मार्चपासून आठवड्यातून तीन दिवस मुलीने दुपारी घरी असायचं. मुलीच्या क्लासची वेळ कशी जुळवायची यावर घरात सध्या बोलणं सुरू आहे.